पंख्यातली अक्षत

प्रोसेसरवरच्या पंख्याला सात पाती होती. त्यातल्या एका पात्याच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत एक तांदूळ उभा अडकला होता. फट दोन मिलिमीटरचीही नसेल. दाण्याचं एक टोक कुंकवानं लाल झालेलं, दुसरं अजून पांढरं. पंखा बोटानं ढकलला की चतकोर फेरा घ्यायचा आणि त्या दाण्याशी येऊन थांबायचा. सायलीनं चिमट्यानं तो दाणा अलगद ओढला आणि स्क्रू ठेवलेल्या बशीत टाकला. बशीत याआधीच अकरा दाणे जमले होते.

काल दसरा झाला होता.

केनवडच्या या माळी कुटुंबाच्या घरात दसऱ्याला फवारणीचा पंप, विळे, वजनकाटा, मोटारसायकल यांची पूजा व्हायची आणि सगळ्यांत शेवटी ओसरीतल्या कंप्यूटरची. सासू गोजराबाई मूठभर अक्षता टाकायच्या, हळदीकुंकू वाहायच्या आणि नारळ थेट कॅबिनेटवर धरून फोडायच्या. वरच्या जाळीतून पाणी आत जायचं. दुसऱ्या दिवशी कंप्यूटर तीन लांब शिट्ट्या मारायचा आणि गप्प व्हायचा. मग सायली चटई टाकून तो उघडायची. हे सलग सहावं वर्ष होतं.

“मामीजी, नारळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून करंट जाते,” तिनं पहिल्या वर्षी समजावलं होतं.

“देवाच्या पाण्यानं कई काई बिघडते का वं?” गोजराबाई म्हणाल्या होत्या. “तुले जास्त शिकोलं तुह्या बापानं.”

ते मात्र खरं होतं. सायली एम.एस्सी. होती, रसायनशास्त्रात. बाहेरच्या पाटीवर ‘मुकेश ऑनलाइन सेवा’ असं लिहिलेलं होतं.

आत्ता मुकेश, म्हणजे तिचा नवरा, पाटीखाली उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, “हाओ ना भाऊ, खोललाच हाये मी. रॅमचा प्रॉब्लेम हाये. घंटाभरात करतो चालू.”

रॅमची पट्टी सायलीच्या हातात होती. पट्टीच्या सोनेरी दातांवरून ती खोडरबर फिरवत होती. एका दिशेनं, दाब न देता. नंतर तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मदरबोर्डवरचा चिकट डाग पुसला. बोळा पिवळाधमक झाला. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. हे या घरात फक्त तिला माहीत होतं आणि कोणाला जाणूनही घ्यायचं नव्हतं. सायकलच्या पंपानं तिनं कोपऱ्यातली धूळ उडवली तशी ओट्यावर बसलेल्या विमलबाई खोकल्या.

“कवा होते वं बाई तुहं? दहा वाजताची बसेल हावो मी.”

“होतेच आता, काकू.”

“मी जित्ती हावो, हे या डब्ब्याले दरसाली सांगा लागते म्हणे. तवा पेन्शन येते.” विमलबाईंचा नवरा सरकारी दवाखान्यात शिपाई होता. “आन यंदा डब्बाच मेला. आता डब्बा जित्ता हाये हे कोन सांगन?”

सायलीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. पाचच्या आत तिला निता मॅडमना फोन करायचा होता.

निता मॅडमनी तिला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. आता त्या रिसोडच्या एका कॉलेजात विभागप्रमुख होत्या. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी तिला नोकरीसाठी चार वेळा बोलावलं होतं आणि चारही वेळा ती म्हणाली होती, “घरी विचारून सांगते, मॅडम.” तीनदा घरी विचारलं. एकदा सोयाबीनची सोंगणी होती, एकदा नणंदेचं बाळंतपण, एकदा नुसतंच “पाहू”. चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही. हा पाचवा निरोप होता. प्रयोगशाळेतली जागा, सोमवारपासून. मॅडम परवा म्हणाल्या होत्या, “या वेळी मला नाव द्यायचंय गं. शुक्रवारी पाचपर्यंत सांग, नाहीतर दुसरी मुलगी घेते.”

आज शुक्रवार होता. तिनं अजून घरात शब्दही काढला नव्हता.

मधे सरकारी प्रयोगशाळा सहायकाच्या परीक्षेचा फॉर्मही तिनं भरला होता. त्याला आता दोन वर्षं होतील. चार महिने पहाटे उठून अभ्यास केला. नेमके तेव्हाच सासरे नथ्थूजी छातीत दुखून पडले. त्यांना अकोल्याला नेलं. नऊ दिवस त्यांच्या खाटेजवळ सायली बसली. हॉलतिकीट मुकेशच्या मोबाइल नंबरवरच निघणार होतं, म्हणून तिनं फोन करून विचारलं. “पाह्यलं मी,” तो म्हणाला होता. “फॉर्म बाद दाखवते. फोटोचा काही लफडा झाला.” फोटो तिनंच लावला होता. चूक आपलीच, असं धरून ती गप्प बसली होती. पुस्तकं तिनं माहेरी, इंझोरीला पाठवून दिली.

तिनं रॅम बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक्‌ करून लागल्या. झाकण न लावताच तिनं बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी झाली आणि पंखा अडखळल्याशिवाय फिरू लागला.

“झालं!” मुकेश आत आला. “पाहा काकू, म्हटलं होतं ना घंटाभरात करतो म्हणून.”

“गुणाचा हाये बाप्पा तू,” विमलबाई म्हणाल्या. “पर हात तं हिचे पिवळे दिसून राह्यले.”

मुकेश हसला. सायली हसली नाही. पडद्यावर सूचना आली होती, जागा संपली. ही आतली सफाई अजून राहिली होती. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गावभराचे कागद साचलेले, सातबारा, जातीचे दाखले, पोरांची हॉलतिकिटं. मुकेश एका बाबतीत शिस्तीचा होता. प्रत्येक फाइलला तो माणसाचं नाव द्यायचा. भाऊसिंग सातबारा. मदनसिंग रेशन. ती एकेक जुनी फाइल पुसत खाली आली आणि ‘घरचं’ नावाच्या फोल्डरवर थांबली. त्यात विजेची बिलं, नथ्थूजींचे रिपोर्ट, गॅसची पावती. शेवटच्या फाइलला नावच दिलेलं नव्हतं, नुसता लांबलचक आकडा होता. पुसायची की ठेवायची हे बघायला तिनं ती उघडली.

निळी ओढणी घेतलेला तिचा स्वतःचा फोटो समोर आला. खाली नाव, बैठक क्रमांक, केंद्र अकोला. परीक्षेची तारीख सोळा फेब्रुवारी, रविवार. फाइल उतरवल्याची तारीख नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

तिनं तारीख पुन्हा वाचली. निष्कर्ष लिहिण्याआधी मोजमाप दोनदा घ्यायचं, ही तिची कॉलेजपासूनची सवय. मोजमाप तेच आलं. तिनं प्रिंटची आज्ञा दिली.

छपाईयंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला. मुकेशनं तो न पाहताच उचलून विमलबाईंपुढे धरला. “घ्या काकू, निघालं तुमचं.”

“अंगठा तं लावलाच नाई मी.” विमलबाईंनी कागद लांब धरला, मग जवळ आणला. “बापू, हे माहं नोय. यात तं तुही बायको हाये.”

मुकेशनं कागद घेतला. वाचला. दुमडला.

“हे कुठून काढलं?”

“‘घरचं’मधून.”

“जुनं हाये ते.”

“तारीख हाये त्यावर,” सायली म्हणाली. “सकाळी सव्वाअकराले तुमी हे उतरवलं. त्याच दिवशी संध्याकाळी मले फोनवर सांगतलं, फॉर्म बाद झाला. सहा घंटे होते तुमच्यापाशी. इचार करूनच बोलले असान.”

“हळू बोल ना. काकू बसल्या हायेत.”

“मी हळूच बोलून राह्यली.”

खरोखरच तिचा आवाज चढलेला नव्हता. तरीही गोजराबाई आतून आल्या, हाताला पीठ तसंच. “काय झालं बे? कायचा कागूद हाये?” मुकेशनं मान खाली घातली तेव्हा त्यांना कागद ओळखायला वाचता येण्याची गरज पडली नाही.

“त्याले बोलू नको,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणलं होतं त्याले, सांगू नको म्हणून. बुढा मराले टेकला होता. तू पेपरले गेली असती तं दवाखान्यात कोन बसलं असतं?”

“पेपर अकोल्यात होता, मामीजी. मी अकोल्यातच होती.”

“तरी बी...”

“दीड घंट्याचा पेपर. त्या रविवारी मामाजीनं नारळपाणी मागतलं म्हणून मी खाली गेली. चौकात शाळा होती. गेटवर पोरी लायनीत उभ्या, सगळ्यायच्या हातात हा कागद.” तिनं बशीतल्या लाल-पांढऱ्या दाण्यांकडे पाहिलं. “मी नारळ घेऊन तिथंच उभी राह्यली. पाच-दहा मिनिटं. म्हटलं, नशिबाच्या हायेत पोरी. यायचे फॉर्म बाद नाई झाले. मंग वर येऊन मामाजीले पाणी पाजलं. त्याच वक्ताले आत माही जागा रिकामी होती. तुमाले दोघालेबी मालूम होतं, खाली हाये ते.”

गोजराबाई हाताचं पीठ चोळून खाली पाडत राहिल्या.

“पास झालीच असती कायहून?” त्या शेवटी म्हणाल्या. “हजारोनं बसतात.”

“झाली असती,” मुकेश म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला ते मोठ्यानं बोलायचं नसावं. तो कागदाची घडी आणखी बारीक करत होता. “मले मालूम होतं ना, माय. ही पास होते. म्हणूनच तं.”

सायलीला इतका वेळ वाटत होतं की तो खोटं बोलेल, आणि ते खोटं फोडायला तिच्याकडे तारीख होती, वेळ होती. या खऱ्यासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. तिला कळत नाही म्हणून नव्हे, नापास होईल म्हणून नव्हे. ती पास होईल म्हणून. सहा वर्षं या माणसाच्या पाटीखाली बसून आपण हळद पुसली.

“माय वं,” विमलबाई पुटपुटल्या आणि पिशवी उचलून उठल्या. “मी उद्या येते.”

“बसा काकू,” सायली म्हणाली. “दहा वाजताच्या आल्या तुमी. अंगठा पुसा पदराले.”

तिनं अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. पहिल्यांदा ठसा उमटला नाही. उभा जन्म निंदण-खुरपणात झिजलेला अंगठा तो. तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला, अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरून काचेवर टेकवला आणि हिरवा दिवा लागेपर्यंत सोडला नाही. कागद निघाला. तिनं तो आधी वाचला, मग दिला.

“जित्त्या हायेत तुमी, काकू. आता सालभर कोनी काई म्हणू शकत नाई.”

विमलबाईंनी कागद घडी करून पोलक्यात ठेवला, पण त्या उठल्या नाहीत.

घड्याळात पाचला दहा कमी होते. सायलीनं बोटं स्पिरिटनं पुसली, नखांतला पिवळेपणा तसाच राहिला. तिनं फोन उचलला.

“कोनाले लावून राह्यली?” मुकेशनं विचारलं.

“निता मॅडमले. रिसोडच्या कॉलेजात जागा हाये. सोमवारपासून.”

“थांब ना. असं रागात काई करू नोको. रात्री बसून बोलू आपण. मी नाई म्हणतो काय?”

“आन हे कोन पाह्यन?” गोजराबाईंनी उघड्या कॅबिनेटकडे हात केला. “त्याले तं खोलताबी येत नाई.”

हे त्या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. मुकेशनं आईकडे पाहिलं. विमलबाईंनी पाटीकडे पाहिलं.

पलीकडे घंटी दोनदा वाजली आणि फोन उचलला गेला.

“मॅडम, सायली बोलते.”

“बोल गं. तुझीच वाट बघत होते. विचारलंस घरी?”

मॅडमशी ती नेहमी पुस्तकी मराठीत बोलायची, शब्द जुळवून. आज जुळवायला ती थांबली नाही.

“नाई, मॅडम. इचारलं नाई. सांगून राह्यली. सोमवारी पहिल्या गाडीनं येते मी.”