छाती ऐकणारी डबी

"आई, हलू नको. लांब श्वास घे."

"घेतीय की! आनखी किती लांब घिऊ, पार पुन्यापस्तोर?"

स्नेहलने आईच्या गळ्याखाली डबी टेकवली. साधी प्लॅस्टिकची डबी, आत जुन्या मोबाईलचा माईक, वायर लॅपटॉपला. डबीने छातीतला आवाज ऐकायचा आणि लॅपटॉपने निकाल द्यायचा. पडद्यावर हिरवा दिवा म्हणजे छाती चांगली, लाल म्हणजे दोष. दिवा हिरवा लागला.

"बग!" राहीबाई खूश झाली. "उगं चूल बंद कर म्हनून जीव खात हुतीस. तुजं मशीनच सांगतंय, मी ठनठनीत हाय."

स्नेहलला मात्र घाम फुटला. डबी लावायच्या आधी तिने साधा स्टेथोस्कोप लावून पाहिला होता, आणि आईच्या छातीत चक्क शिट्ट्या वाजत होत्या. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची पोर, शिट्टी तिला कळणार नाही होय?

पोर मुलखाची चिवट. वडील मच्छिंद्र टेम्पोच्या अपघातात गेले तेव्हा दहावीत होती. मेडिकलचा प्रवेश पहिल्या खेपेला हुकला, तर रडत न बसता सुपे गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसली. एकीकडे तारा जोडायच्या, दुसरीकडे मांडीवर पुस्तक. लोक विचारायचे, "डाक्टरीन व्हनार का मोबाईलवाली?" ही म्हणायची, "दोन्ही." आई चुलीवर भाकरी थापून एमआयडीसीतल्या कामगारांना डबे देत राहिली. तिच्या खोकल्यावरूनच लेकीला हे यंत्र सुचलं होतं. उद्या ते घेऊन पुण्याला जायचं होतं. डॉक्टरकीला इंजिनिअरिंगची जोड देणाऱ्या तिथल्या संस्थेत एकच जागा होती, आणि कॉलेजातल्या मनवा मॅडमनी तिचं नाव पुढे केलं होतं.

तेवढ्यात शेजारची सविता विरजणाला वाटी घेऊन आली. स्नेहलने तिलाच धरून बसवलं आणि डबी टेकवली. दिवा लाल.

"अगं बया! मला काय झालं?"

"काही नाही काकू, थांबा." स्नेहलने स्टेथोस्कोप लावला. सविताची छाती एकदम स्वच्छ. हे काय गौडबंगाल? तिने हेडफोन घालून नुकताच टिपलेला आवाज पुन्हा ऐकला. श्वासाच्या मागे काहीतरी बारीक घासत होतं. कर्र, टिक. पुन्हा कर्र, टिक. तिची नजर सविताच्या गळ्याकडे गेली.

"काकू, मंगळसूत्र जरा काढून ठेवता?"

सविता ताडकन उठली. "नवरा जित्ता हाय माजा! शिकली म्हनून कायबी बोलती व्हय गं?" आणि वाटी तिथंच टाकून फणकाऱ्याने निघून गेली.

स्नेहलने कपाळावर हात मारून घेतला. यंत्राला शिकवायला आजारी छातीचे आवाज तिने दवाखान्यात घेतले होते. सगळ्या लग्न झालेल्या बायका, आणि मंगळसूत्र काढायला एकही तयार नव्हती. धडधाकट छातीचे आवाज घेतले होस्टेलच्या मुलींचे, सगळे गळे मोकळे. यंत्र छाती शिकलंच नव्हतं. मण्यांचा आवाज आला की लाल, नाही आला की हिरवा, एवढंच ते गाढव शिकलं होतं. वाईट तर वाटलंच, पण खरं सांगायचं तर तिला मजाही वाटली. चोर सापडावा तशी ती खुर्चीत पुढे सरकली. पण खात्री कशी करायची? एकाच छातीवर, मण्यांशिवाय आणि मण्यांसकट ऐकायला हवं होतं. तिने आईच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

राहीबाईच्या ध्यानात आलं. ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी घेऊन आली. घरात एवढी ओढाताण झाली, पण आतल्या मंगळसूत्राला तिने हात लावला नव्हता.

"आई, नको. माझ्या गळ्यात घालून बघू."

"तुज्या? लगीन व्हयाच्या आदी? गप बस. माजी छाती, माजंच घालायचं."

मागचा फासा तिच्या बोटांना सापडेना. स्नेहलने अडकवून दिला. डबी टेकवली. दिवा लाल.

"म्हंजे मशीन खोटं?"

"मीच त्याला खोटं शिकवलं, आई."

"मंग उद्याचं काय?"

"जाणार. हेच सांगणार. कुठं चुकलं, का चुकलं, सगळं. जागा दिली तर दिली."

"आन् न्हाई दिली तर?"

"तर पुन्हा आवाज गोळा करीन." मग तिने आईचा हात हातात घेतला. "पण तुझी छाती खराब हाय. दिवा हिरवा असू दे न्हाईतर लाल, उद्यापासून चूल बंद. गॅसच्या शेगडीवर भाकरी कर, न्हाईतर डबे बंद कर."

राहीबाई चुलीकडे बघत राहिली. "करीन," एवढंच म्हणाली. स्नेहलने वायर काढली, डबीभोवती गुंडाळली, लॅपटॉप मिटला.

"काडू का आता ह्ये?" राहीबाईने विचारलं.

स्नेहलने आईकडे पाहिलं. "राहू दे थोडं. अजून एकदा बघायचंय."

राहीबाईने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, गुंडाळलेल्या वायरकडे पाहिलं.

"सावकाश बग," ती म्हणाली, आणि मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या पदरावर नीट बसवून घेतल्या.