धुऊन ठेवलेले दगड

करड्या दगडावरचा तो पांढरा गोंडा – कापसाहूनही मऊ दिसणारा, हजार बारीक स्फटिकसुयांचा – आता न्हाऊन आलेल्या पोराच्या डोक्यासारखा चप्प बसला होता. म्हणजे याला ओलं केलं. ओलं करून वर पुसलंही! वीस वर्षांत तिनं स्वतः त्या गोंड्याला बोट लावलं नव्हतं. खाणीवरून आणताना सात तास बसमध्ये, तो दगड ठेवलेला जेवणाचा डबा मांडीवर धरून, दर खड्ड्याला श्वास रोखत ती बसली होती, आणि शेजारच्या सीटवर नवरा... घोरत.

"कसं वाटलं?" नवरा मागे उभा होता, हात पाठीशी बांधून, बक्षीस घ्यायला आल्यासारखा. "तू लेकीकडे गेलीस त्याच दिवशी ठरवलं. आठ दिवस खपलोय. एकेक दगड साबणाच्या पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशनं घासून... किती धूळ होती गं! आणि खाली प्रत्येकाला चुन्याचा ठिपका लागलेला, तो सुरीनं खरवडून काढला."

चुन्याचा ठिपका! रंग होता तो, आणि त्यावर भिंगाखाली, टोकदार निबानं लिहिलेला आकडा. आकड्यावरून वहीत पाहायचं – कुठल्या खाणीतला, कितव्या थरातला, कधी मिळाला. कपाटाच्या वरच्या खणांतच एकशे बारा दगड. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घरी आल्यावर, स्वयंपाक उरकून, तिनं एवढंच काय ते स्वतःचं म्हणून लिहिलं होतं. आता वही होती, दगड होते, पण कोण कोणाचं ते कळायला मार्ग नव्हता. नऊ पारदर्शक स्फटिक त्यानं उंचीप्रमाणे ओळीत लावले होते. यातला वडिलांनी विहीर खणताना तिच्यासाठी बाजूला ठेवलेला कोणता? ती ओळखेल. ओळखायलाच हवा... हा? की तो? नाही ओळखता येत.

"आणि मिठाचा खडा?" तिनं विचारलं. रिकामी डबी झाकणासकट पुसून ठेवली होती.

"तो काचेसारखा, चौकोनी ना? गरम पाण्यात भिजत घालून जरा आडवा झालो, उठून बघतो तर गायब!" तो हसला. "म्हटलं मोरीत गेला असेल. जाळी काढूनसुद्धा पाहिली, पण छे!"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. मिठाचा खडा गरम पाण्यात घालून मोरीत शोधणारा हा माणूस, आणि वर हसतोय! तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"आई, बघितलंस का? बाबांनी किती मनापासून केलंय! तू नुसतं छान म्हण हं, नाहीतर सुरू होशील."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. तरीच, 'अजून दोन दिवस राहा ना' चाललं होतं. चाळीस वर्षं याच्यावर रागावणं सोपं होतं, कारण हा काहीच करत नव्हता. मनापासून केलेल्यावर कसं रागवायचं? सगळे याचीच बाजू घेणार. याचं मन, याचे आठ दिवस, याचे साबणानं सोललेले हात – आणि माझं? माझं काय होतं त्या कपाटात, हे एकदा, घासायला घेण्याआधी एकदा तरी विचारायचं होतंस...

"उद्या खालचे दोन खण घेतो," नवरा म्हणाला.

"हात लावायचा नाही."

आवाज मोठा नव्हता, पण असा तिनं या घरात कधी लावला नव्हता. फोनमध्ये लेक "आई? आई?" करत राहिली. नवऱ्याचे हात पाठीमागून पुढे आले आणि तसेच लोंबत राहिले.

"अगं, पण झालं काय? एवढं काय होतं त्या दगडांत?"

विचारलं. चाळीस वर्षांनी का होईना, विचारलं. या एका प्रश्नाची तिनं किती वाट पाहिली होती – कधी भिंग त्याच्यापुढे करून, कधी एखादा दगड मुद्दाम जेवणाच्या टेबलावर विसरून. उत्तर तर तोंडपाठ होतं. आणि आता तो खरोखरच, घाबरून, उत्तरासाठी थांबला होता, तर तिच्या लक्षात आलं की आपल्याला सांगायचंच नाहीये. याला तर नाहीच. राग तसाच धगधगत होता. फक्त वाट पाहणं संपलं होतं, आणि ते संपल्याचं जराही वाईट वाटत नाहीये, याचा तिला आणखीच राग आला.