गव्हाच्या पोत्यातून आलेलं गवत

मी पुसदजवळच्या तांड्यावरची एक म्हातारी गाय आहे. मित्रांनो, मी वाघाचा वास ओळखते, वणव्याचा ओळखते. पण जन्मात सगळ्यात जास्त भ्याले, ती एका गवताला.

माझी मालकीण रुपीबाई. तिची नातवंडं माझ्या दुधावर वाढली. शेतात ज्वारी व्हायची. दाणे माणसांना, कडबा आम्हाला.

सहासष्टच्या सुमारास दुष्काळ पडला. ज्वारी करपली. सरकारनं अमेरिकेशी गव्हाचा करार केला होता, तो गहू पोत्यांतून तांड्यापर्यंत आला. माणसं जगली, खोटं कशाला बोलू? पण पोत्यातून कडबा येत नाही. आमच्या फासळ्या दिसू लागल्या.

गहू निवडला की रुपीबाई कचरा नाल्याकाठी टाकायची. तिथे गाजरासारख्या पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं गवत उगवलं. सगळं रान वाळलेलं आणि ते मात्र हिरवंगार. मी हुंगलं नि अंग शहारलं. तो वास आमच्या रानातला नव्हता.

माझ्या भुकेल्या वासरानं त्यात तोंड घातलं. मी हंबरत राहिले, दाव्याला हिसके देत राहिले. त्याचं तोंड फोडांनी भरलं, आचळ धरवेना. मग चरायला सोडल्यावर भुकेपायी मीही तेच खाल्लं. रुपीबाईच्या नातवानं दुधाची वाटी ढकलून दिली.

"दूध कडू काहून लागून राह्यलं?" रुपीबाईनं नवऱ्याला, धावजीला, विचारलं. "हे गवत तं आपल्या आजानंही पाह्यलं नाई."

"गव्हासंगं आलं असंन," धावजी म्हणाला. "करार करणाऱ्यायनं गहू पाह्यला. पोत्यात अजून काय हाये, ते कोन पाह्यते?"

रुपीबाईनं ते उघड्या हातांनी उपटलं. सकाळी तिचे हात सुजले होते, कातडी फुटली होती. त्याच सकाळी माझं वासरू उठलं नाही.

मग तांड्यावरच्या बायकांनी हातांना फडकी गुंडाळली आणि नाल्याचा काठ साफ केला. पण बी वाऱ्यानं कधीच उडालं होतं. आता पलीकडच्या शेतांतही पांढरं दिसतंय. चरायला सोडलं की मी आधी हुंगून बघते.

मित्रांनो, परक्या मुलखातून धान्य आणाल तेव्हा त्याच्याबरोबर काय येतंय तेही बघा. हे गवत दिसलं तर फुलण्याआधी उपटा. आम्हाला उपटता येत नाही. भूक लागली की आम्हाला ते खावंच लागतं.