सहीखालच्या दोन ओळी

आमच्याकडे लग्नात बाया पंगतीतल्या पाहुण्यांना गाण्यातून शिव्या घालतात. कोणी रागवायचं नाही, असा रिवाज. वैशाखात गावातल्या लोटनच्या मुलीच्या लग्नात आमदार जेवायला बसले. मी विहीणबाईला सोडलं आणि आमदाराला धरलं. गावचं आरोग्य उपकेंद्र दोन वर्षं कुलपात, नर्सबाई कागदावर आणि आमदार जिलबीवर! पंगत हसली. आमदारही हसले, पण त्यांचा हात ताटातच थांबला. उठताना म्हणाले, "अक्का, तुमचं गाणं विधानसभेत नेतो."

मला वाटलं, जेवणानंतरच्या सुपारीसारखं बोलले; चघळतील नि थुंकतील.

पण त्यांनी खरंच प्रश्न टाकला. मला कळलं ते आषाढात. एका सकाळी बघते तर उपकेंद्राचं कुलूप तोडलेलं, कारण किल्ली कोणालाच सापडेना. भिंतीला ओला चुना, आत खुर्चीवर दुसऱ्या गावाहून आणलेली नर्स कामिनीबाई. आणि माझ्या ओट्यावर बहिणीचा मुलगा प्रेमराज, आरोग्य खात्यातला कारकून, हातात कागद.

"मावशी, सही कर. उत्तर आजच वर पाठाडनं शे."

"पहिले वाच."

"तुले काय समजी त्यामा?"

"चौथी शिकेल शे मी. तू दहावीले दोनदा बसना, तवय डबा कोना व्हता?"

त्यानं वाचलं. 'उपकेंद्र दोन वर्षांपासून बंद असल्याने गरोदर महिलांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?' पुढे उत्तर तयार होतं, 'हे खरे नाही.' त्याखाली, 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.' तळाशी गावकऱ्याच्या सहीची जागा.

दारात माझी सून रूपा उभी होती. सातवा महिना, तोंड पांढरंफटक. तिचा प्रश्न उद्भवला होता आणि पोटातून लाथा मारत होता.

"नही करी सही तर?"

प्रेमराजनं मान खाली घातली. "दोन वर्सं 'चालू शे' अशी माहिती मीच लिही. साहेब म्हने लिही, मी लिहं. नोटीस मलेच येई."

याला मी मांडीवर खेळवलाय. सही केली तर उद्या कामिनीबाई तिच्या गावाला परत. नाही केली तर हा दुसऱ्या कोणाची घेईल. गावात सह्यांना तोटा नाही. मी पेन मागितला. सही केली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आज सकाळी उघडले. काल कुलूप होते. माझ्या सुनेला सातवा महिना आहे.' तारीख टाकली.

"मावशी, हाई काय करं तू!"

"दुसरा कागद आन."

दुसरा कागद कुठून आणणार? साहेब यावर आधीच सही-शिक्का मारून धुळ्याला बैठकीला गेलेले. तोच कागद वर गेला.

विधानसभेत छापून उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' आमदारांनी उठून विचारलं म्हणे, किती अंश? त्यावर कामिनीबाई आठवड्यातून तीन दिवस मिळाली. पहिल्याच तपासणीत रूपाचं रक्त फार कमी निघालं. तिला वेळेवर धुळ्याला नेलं. मुलगी झाली, दोघी घरी आल्या.

प्रेमराजला नोटीस आली. त्यानं आमच्याकडे येणं सोडलं. बारशाचं आमंत्रण मी स्वतः जाऊन दिलं. तो आला, मुलीला घेतलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, आते मना नावना गाना म्हनशी?"

"पहिले मना सोताना नावना म्हनसू."

त्याला कळेना. दोन वर्षं मीसुद्धा त्या कुलपावरूनच बाजाराला जात होते. शेजारच्या कुंदाबाईची मुलगी बाळंत व्हायच्या वेळी बैलगाडीतून नेली, तेव्हा मी ओट्यावर बसून हळहळले, एवढंच. माझ्याच घरात सुनेला दिवस राहिले, तेव्हा मला गाणं सुचलं.

प्रेमराजच्या हातातली पोर रडायला लागली. मी त्याला म्हटलं, "बस, जेवी घे. मंगयवारले अजून कुलूपच शे, त्याना अर्ज लिखना शे."