बेबीच्या उजवीकडची जागा

पुष्पा शिरसाट प्रार्थनेला बसली की देवालाही सावरून बसावं लागत असेल, अशी तिची ख्याती होती. जबलपूरच्या घमापुरात तिच्या वरच्या मजल्यावरच्या घरी दर गुरुवारी दुपारी मंडळीतल्या मराठी बायका जमत. चर्चची उपासना हिंदीत, बाजार हिंदीत, नातवंडांची भांडणंसुद्धा हिंदीत. देवाशी मराठीत बोलायचं ते याच सतरंजीवर. आणि पुष्पाचं प्रार्थनेतलं मराठी काय सांगावं! "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" म्हणून ती सुरू झाली की बायकांचे पदर डोळ्यांना लागत, आणि आतला चहा उकळून आटला तरी कोणाला पत्ता नसे.

या बैठकीची एक रीत पुष्पाच्या सासूने घालून दिली होती. गोल बसायचं आणि प्रत्येकीने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या बाईसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. स्वतःसाठी काही मागायचं नाही. त्यामुळे पुष्पाच्या उजवीकडची जागा मिळावी म्हणून बायका लवकर येऊन बसत. "अवं, देव सगळ्यायचंच ऐकते," असं पुष्पा वरवर म्हणायची. पण ती जागा कोणाला द्यायची हे तीच ठरवायची, आणि मोठ्या खुशीत ठरवायची.

मग बेबी आली. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून हे बिऱ्हाड इटारसीहून जबलपुरात आलेलं. बेबीला धड प्रार्थना करता येत नव्हती. पहिल्या गुरुवारी तिच्या उजवीकडे रश्मी बसली होती, गुडघा चोळत. बेबीने डोळे मिटले. "प्रभू, रश्मीताईचा घुटना पाहून घेजो. लय दुखून राहिला. आमेन." झालं, संपलं. पुष्पाला हसू आवरेना. तिची स्वतःची जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा याहून लांब असे.

पुढच्या गुरुवारी रश्मी जिना टणाटण चढून आली. डॉक्टरने गोळ्या बदलल्या होत्या, हे पुष्पाने सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं, पुन्हा एकदा आणून दिलं. ऐकतं कोण! मग कोणाच्या मुलीचं लग्न जमलं, कोणाच्या दिराची दारू सुटली, आणि बघता बघता सगळी झुंबड बेबीच्या उजव्या हाताला होऊ लागली. पुष्पाच्या उजवीकडे आता जी उशिरा येईल ती बसायची.

पुष्पाचा नुसता जळफळाट झाला. आपण वर्षानुवर्षं पहाटे उठतो, उपास धरतो, आजाऱ्यांच्या उशाशी बसतो, आणि ही काल आलेली बाई दोन ओळींत काम करून घेते? माणसांजवळ ती हे बोलली नाही, तेवढी ती हुशार होती. देवाजवळ मात्र रोज बोलायची. "प्रभू, तिचंच काहून?" प्रार्थनेत तोंड चालायचं, पण मिटल्या पापण्यांतून लक्ष बेबीकडे असायचं. आपलं आणि देवाचं कुठेतरी बिनसलं आहे हे तिला कळत होतं. दोष तिने बेबीवर टाकून दिला.

तिला देवाकडून खरं तर एकच गोष्ट हवी होती. नवरा आजारी पडला तेव्हा तो वाचावा म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं. तो गेला, आणि त्या दिवसापासून तिच्या मुलाने, अजिंक्यने, चर्चची पायरी चढली नाही. रविवारी सकाळी उपासनेची घंटा व्हायची तेव्हा हा कमानिया गेटजवळच्या आपल्या मोबाइलच्या दुकानाचं शटर उचलत असायचा. तो परत यावा, एवढंच पुष्पाचं मागणं होतं.

एका गुरुवारी तिची सून प्रणोती स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली आणि सासूकडे न बघता थेट बेबीच्या उजवीकडे जाऊन बसली. घरची सून! पुष्पाच्या पायाखालची सतरंजी कोणीतरी ओढल्यासारखं झालं. बेबीने डोळे मिटले. "प्रभू, हिच्या घरवाल्याले घेऊन ये. रस्ता तुले माहीत आहे. आमेन."

आणि त्या रविवारी अजिंक्य आला. शेवटच्या बाकावर बसला, गीत सुरू झालं तेव्हा उठून उभा राहिला. गीतांचं पुस्तक बापासारखंच एका हातात धरलेलं. उपासना सुटल्यावर बायकांनी गराडा घातला तो बेबीला. "देखा? बेबीताईनं म्हटलं न् आला!" रश्मी सगळ्यांना सांगत सुटली होती.

पुष्पा एका बाजूला उभी होती. जे डोळे भरून बघायचं तेच समोर होतं आणि तिच्या छातीत आनंदाचा कण नव्हता. आला तो आपल्यासाठी नाही, हिच्या बोलण्यावर आला. आला नसता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. आईच्या मनात! ती स्वतःच घाबरली, पण तो विचार काही हलला नाही.

पुढच्या गुरुवारी ती मुद्दाम बेबीच्या डावीकडे बसली. म्हणजे बेबी तिच्या उजव्या हाताला. अशा बैठकांना जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कोणाला सुनवायचं असेल तर डोळे मिटून, देवाला उद्देशून सुनवावं. समोरची उलट बोलू शकत नाही, कारण बोलणं तिच्याशी नसतंच. पुष्पाने हे हत्यार पूर्वी सुनेवर वापरलं होतं. आज तिने त्याला चांगली धार लावून आणली होती.

"हे सर्वज्ञ पित्या," ती म्हणाली, "माझ्या या बहिणीचं अंतःकरण तू जाणतोस. लोक तिचा बाहेरचा हसरा चेहरा बघतात, पण आत काय जळतं ते तुला दिसतं. दुसऱ्याच्या घरातल्या आशीर्वादावर तिची नजर का जाते, ते तिला विचार. तिचा गर्व उतरव. तिला स्वतःची लाज वाटू दे."

प्रणोतीने मान खाली घातली. आणि मग बेबी मोठ्याने म्हणाली, "आमेन!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

चहा झाला, बायका गेल्या, प्रणोती मुलीला शाळेतून आणायला गेली. बेबी मात्र स्वयंपाकघरात कप विसळत राहिली. पुष्पाला वाटलं, आता ही भांडणार. तिने पदर खोचला.

"ताई, आज माह्यासाठी कोणी पहिल्यांदा काही मांगलं," बेबी म्हणाली. "बाकीच्या 'बेबीताईसाठी धन्यवाद' म्हणते न सोडून देते. त्यायले वाटते, इले काय कमी. माहा पोरगा स्वप्निल पुण्याले गेला तसा फोन नाही उचलत. मी रोज मांगते. दुसऱ्यासाठी मांगलं त होते, माहंच होत नाही. न रविवारी तुमचा अजिंक्य आला." तिने नळ बंद केला. "सगळ्या मले बधाई देऊन राहिल्या होत्या, अन् मी आतून जळून राहिली होती. वाटलं, पुष्पाताईचाच पोरगा काहून? आला नसता त बरं झालं असतं, इथपर्यंत वाटलं. कोणाले सांगितलं नाही मी. तुमाले कसं दिसलं, ताई? प्रभूनं दाखवलं न? मी सगळ्यायले सांगीन."

पुष्पाने नुसतं डोळे झुकवून हो म्हणायचं होतं. बस्स, तेवढंच. पुढच्या गुरुवारपर्यंत अख्ख्या घमापुरात झालं असतं, पुष्पाताईला माणसाच्या आतलं दिसतं. सतरंजीवरची झुंबड आपल्या जागी परत आली असती.

"प्रभूनं..." ती म्हणाली. हवाहवासा वाटणारा तो शब्द तोंडात आला होता. बेबी तिच्याकडे आशेने बघत होती.

"प्रभूनं काही दाखवलं नाही मले," पुष्पा म्हणाली. "मी तुह्यासाठी मांगलंच नाही, बेबी. तुले लागावं म्हणून बोलली मी. ते जळणं माहं होतं."

बेबीचा चेहरा उतरला. हातातला कप तिने ओट्यावर ठेवला. "अच्छा," ती म्हणाली. तेवढंच. हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेली आणि आपली पिशवी उचलली.

पुष्पा तिच्या मागोमाग आली. थांब म्हणायलाही तिला तोंड राहिलं नव्हतं. ती रिकाम्या सतरंजीवर जाऊन बसली आणि आपल्या डावीकडची जागा तिने हाताने थोपटली. बेबी दारात घुटमळली, चप्पल पायात होती. मग ती काढून आत आली, बसली. पुष्पा आता तिच्या उजव्या हाताला होती.

मग बेबीने रुसक्या आवाजात विचारलं, "काय मांगू?"

पुष्पाने डोळे मिटले. एवढी मोठी प्रार्थना करणारी बाई, पण तिला शब्द सापडेनात.

"माहा पोरगा परत आला," ती म्हणाली. "त्याचा मले आनंद होऊ दे, एवढं मांग."