कोऱ्या चौकोनावरून गेलेलं विमान

मी एक जुना रडार आहे. मित्रांनो, त्या दुपारची आठवण झाली की अजूनही माझा पत्रा थरथरतो.

टेकडीवर उभं राहून गरगर फिरायचं, आकाशात लहरी सोडायच्या, विमानाला आपटून परतलेली लहर पकडून पडद्यावर ठिपका उमटवायचा, हे माझं काम. "म्हातारा नजरेचा पक्का आहे हं!" म्हणत कर्मचारी माझी पाठ थोपटत.

मग गणितवाल्या बाई आल्या. रडार मोजके, आकाश अफाट. कोणाला कुठे उभं केलं तर जास्तीत जास्त राखण होईल, हे त्या संगणकावर सोडवू लागल्या. नकाशाचे चौकोन पाडले. धरण, पूल, रुग्णालय, वस्ती यांना महत्त्वाप्रमाणे गुण दिले. ओसाड माळाला शून्य. उत्तर आलं आणि मला टेकडीवरून धरणाजवळ हलवलं. सगळीकडे वाहवा झाली. मीही फुशारलो.

सरावाच्या दिवशी आमचंच एक विमान शत्रू बनून येणार होतं. आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, पण पडदा कोराच. एवढ्यात बाईंच्या सासूबाईंचा फोन आला.

"अगं, गच्चीला घासून विमान गेलं! छकुली दचकून उठली, रडायची थांबेना. कसले गं तुमचे पहारे?"

"काहीतरीच काय आई! इथे पडद्यावर माशीसुद्धा नाही."

"मग मी काय कावळ्याला विमान म्हणतेय?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईने नकाशा उघडला. बाईंचं घर जिथे आहे ती आम्हा रडारवाल्यांची वसाहत गुप्त, म्हणून ती नकाशावर काढतच नाहीत. तिथे नुसता माळ. माळाला शून्य. आणि गणिताने इमानेइतबारे नेमकी तीच जागा उघडी टाकली होती.

"रोज त्याच घरातून निघून इथे येते मी," बाई पुटपुटल्या, "आणि शून्य लिहिलं?"

मी तर फिरता फिरता गारठलो. धरणाजवळ आल्यापासून माझ्या आणि वसाहतीच्या मधे टेकडी होती, मला काहीच दिसलं नव्हतं. ते विमान खरं असतं तर?

"वसाहत नकाशावर आणता येणार नाही. नियम आहे," आमच्या ठाण्याचे साहेब म्हणाले.

"नकाशावर नका आणू. पण गणितात माणसं धरा. तुमच्या आईसुद्धा आमच्या शेजारीच राहतात, साहेब."

साहेबांनी लगेच परवानगी दिली. गणित नव्याने मांडलं गेलं आणि मला पुन्हा टेकडीवर चढवलं.

आता मी गोदामामागे गंजत पडलोय. तेलपाणी केलंत तर बरं वाटेल. नाही केलंत तरी रुसणार नाही. पण मित्रांनो, एखाद्या चौकोनात शून्य लिहिण्याआधी एकदा तिथे जाऊन या. दोरीवर दुपटी वाळत असतील.