भरल्या जीपचा चढ

सुनिता पावराची जीप शिरपूरहून निघाली की डोंगराच्या पायथ्यापर्यंत काही अडचण नसायची. पुढे मोहपाड्याच्या अलीकडे दोन वळणांचा खडा चढ लागे. तिथे ती गाडी बाजूला घेई आणि मागे वळून न बघता म्हणे, उतरा. अकरा-बारा माणसं मुकाट्याने उतरत. पोती तेवढी गाडीत राहत. रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर जाई आणि माणसं पाऊण किलोमीटर चालून तिला गाठत. तिचे वडील खाज्या जीप चालवत होते तेव्हाही असंच चालायचं. मोतीबिंदूनंतर त्यांनी किल्ली पोरीच्या हातात दिली, तेव्हा त्या चढासकट दिली.

याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. फक्त सुनिताच्या मावशीने, मोगराबाईने, बाजाराला जाणं सोडलं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. जाताना उतार होता, तेव्हा काही नव्हतं, पण परतताना तो चढ तिला पार होईना. एकदा दोघांनी तिला धरून वर आणलं. पुढच्या बाजाराला ती आलीच नाही. दोन वर्षं झाली. चारोळी फोडावी, निवडावी ती मोगराबाईनेच, असं अख्ख्या पाड्यात म्हणत. ती आता दुसऱ्यांच्या हाती माल पाठवायची आणि संध्याकाळी जीपचा आवाज आला की दारात येऊन विचारायची, बाजारात कोण कोण भेटलं?

हा प्रश्न सुनिताला टोचायचा.

चैत्रात ती ब्रेकचं सामान घ्यायला धुळ्याला गेली. आग्रा रोडवर तरुण नावाच्या माणसाचं गाडीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथे फळीवर एक खोकं पडलेलं तिला दिसलं. त्यात टर्बो होता, नळ्या होत्या, हवा थंड करायची जाळी होती, सगळा संच. एका गिऱ्हाइकाने मागवून नेला नव्हता. तरुणने सांगितलं, तुझ्याच इंजिनाला बसतो, कंपनीने हेच इंजिन पुढे टर्बो लावून काढलं होतं. मग त्याने खोकं तिच्या हातात देण्याआधी एक गोष्ट बजावली. बसवणं कुणालाही जमेल, बसवल्यावर इंजिन टिकवणं जमत नाही. सोनगीरला चुडामण मिस्त्रीकडे जा. ते नाही म्हणाले तर खोकं परत आण.

चुडामण मिस्त्रीचं गॅरेज हायवेला लागून होतं, किल्ला डाव्या हाताला दिसायचा. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या कामात त्यांचा चाळीस वर्षं हात बसलेला. ते साठीच्या पुढे होते, आणि कमी ऐकू येत असल्याने जरा मोठ्याने बोलायचे. त्यांनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडरचं. तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. मग सुनिताला विचारलं की तुला हे कशाला हवं, पोरांसारखी पळवायला? तिने मावशीच्या गुडघ्यांचं सांगितलं. मिस्त्रींनी फडक्याला बोटं पुसली. मग म्हणाले, उद्या सकाळी ये, आणि जुने कपडे घालून ये.

तीन दिवस ती त्यांच्या हाताखाली राबली. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जुना मॅनिफोल्ड निघता निघेना, बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यातले दोन तापवून काढावे लागले. टर्बोला तेल पुरवणारी बारीक नळी त्यांनी स्वतः वाकवली. तेल परत खाली उतरवणारी जाड नळी मात्र तिच्याकडून तीनदा बसवून घेतली, कारण त्या नळीला कुठेही चढ चालत नाही, तेल साचतं. काम करता करता ते समजावत होते. इंजिनाच्या धुराने एक पंखा फिरतो, तो पंखा दुसऱ्याला फिरवतो, आणि दुसरा हवा दाबून आत ढकलतो. जास्त हवा आत गेली तरच जास्त डिझेल द्यायचं. हवेवाचून डिझेल दिलं तर काळा धूर आणि नुसती उष्णता. आणि गाडी थांबल्या थांबल्या किल्ली काढायची नाही, पंखा गरगरत असतो आणि त्याला तेल मिळत नाही. गाडीतल्या या बदलाच्या परवानगीचे कागद तरुणने सांगितले तसे तिने करून घेतले.

सोनगीर ते शिरपूर जीप अशी पळाली की सुनिताला हसू आवरेना. पण मोहपाड्याच्या चढावर, अर्धी भरलेली गाडी पहिल्या वळणालाच काळा धूर ओकू लागली आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. तिने माणसं उतरवली. सगळी सवयीने चालू लागली, हेच तिला जास्त लागलं.

फोनवर मिस्त्रींनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून. सपाट रस्त्यावर चढाच्या गाडीचा पंप जुळवता येत नाही, एवढं ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी या डोंगरातल्या कितीतरी जीपा दुरुस्त केल्या होत्या, पण वर कधी आले नव्हते. दोन दिवसांनी पहाटेच्या बसने ते शिरपूरला उतरले. हातात कापडी पिशवी, तिच्यात चार पाने, एक पेचकस आणि डबा.

आधी माणसं नकोत, वजन पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. पाड्यातून मक्याची पोती आली, बारा माणसांच्या वजनाची. सुनिता चालवायची, मिस्त्री बाजूला बसून हवेच्या दाबाचं मीटर आणि तापमानाचा काटा बघायचे. वर जाऊन गाडी थंड करायची, खाली यायचं, पंपाचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा वर. डिझेल कमी केलं की धूर कमी होई, पण गाडी दुसऱ्या वळणावर दम टाकी. वाढवलं की धूर. सहा फेऱ्या झाल्या. ऊन चढलं. मिस्त्रींचा सदरा पाठीला चिकटला होता.

पहिल्या वळणावर पळसाखाली मोगराबाई बसली होती. सकाळीच खाट टाकून तिला तिथे आणलं होतं, तिनेच हट्ट केला म्हणून. सहाव्या फेरीनंतर तिने सुनिताला हाक मारली आणि आपल्या बोलीत काही सांगितलं. सुनिताला ते महत्त्वाचं वाटलं नाही. तेव्हा मोगराबाई सरळ मिस्त्रींकडे वळली आणि त्यांना कळेल अशा भाषेत म्हणाली, "आधी सिटी वाजस, मंग धूर निघस."

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. "कसानी सिटी?"

ती म्हणाली, बारीक. साळुंकीच्या पिल्लासारखी. उतरताना नाही वाजत, खाली उभी असताना नाही वाजत. फक्त गाडी जोर लावते तेव्हा, आणि उजव्या बाजूने.

सुनिताने सांगितलं की आत इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. मिस्त्री खाटेजवळ जाऊन उकिडवे बसले आणि शांतपणे म्हणाले, "मना कानस्ले आते ऐकू येत नही, अक्का. इंजिनस्नी खाई टाकं. तू आठेच बस, अन सिटी वाजनी का हात वर कर."

सातव्या फेरीला मोगराबाईचा हात वर गेला. बरोबर त्याच क्षणी मीटरचा काटा खाली आला आणि मागे धूर निघाला. मिस्त्रींनी तिथेच गाडी थांबवायला लावली. उजव्या बाजूची, हवा इंजिनात नेणारी रबरी नळी त्यांनी बोटांनी चाचपली, मग काढून दोन्ही हातांनी ताणली. आतल्या बाजूला करंगळीएवढी चीर होती. दाब नसला की मिटलेली, दाब आला की उघडणारी.

"हवा बठ्ठी आठून जाई ऱ्हायनी पोरी," ते चिरेवर बोट ठेवून म्हणाले, "अन मी पंपले दोष दी ऱ्हायनू."

ते मनापासून हसले, सकाळपासून पहिल्यांदाच. तेवढ्याच जाडीची नवी नळी शिरपूरहून यायला दुपार झाली. तोवर सगळे पळसाखाली जेवले. मिस्त्रींच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोगराबाईला आवडली आणि तिने दिलेली अंबाडीची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. नवी नळी बसवून तिला दुहेरी क्लिपा आवळल्या, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आठव्या फेरीला हात वर गेला नाही. नवव्या फेरीला मिस्त्रींनी स्क्रू जरासा उघडला आणि जीप दुसऱ्या गिअरमध्ये, पोत्यांसकट, दोन्ही वळणं घेऊन वर आली. धूर नावाला, तोही राखाडी. काटा मध्यावर. सुनिताने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिली.

मग तिला आणखी हवं झालं. अजून थोडा उघडला तर तिसऱ्या गिअरमध्ये येईल का, असं तिने विचारलं. मिस्त्रींनी पेचकस घेतला आणि स्क्रू उलट पाव फेरी मागे घेतला. त्यावर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कुणी हलवला तर कळावं. "इतलीच ताकद बरी शे," ते म्हणाले. "चढ पार करानी शे, शर्यत जितानी नही." सुनिताला क्षणभर राग आला. पण उतरताना तिने पुन्हा काट्याकडे बघितलं, तो जागचा हलला नव्हता, आणि तिला पटलं.

बाजाराच्या दिवशी मोगराबाई पुढच्या सीटवर बसली, मांडीवर चारोळीची पिशवी. शिरपूरच्या बाजारपेठेत धनकुंवरबाई नावाच्या मारवाडी म्हातारीचं किराणा दुकान होतं. मुलगा गल्ल्यावर आणि ती आत गादीवर बसलेली असे. तीस वर्षं मोगराबाईची चारोळी याच दुकानात जायची, धनकुंवरबाईच्या सासूच्या काळापासून. मोगराबाईला पायरीवर बघून ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. तिचेही गुडघे गेले होते. मोगराबाईला ते माहीत नव्हतं. मुलाने पाट आणून दिला, मग दोघी समोरासमोर पाय लांब करून बसल्या.

सुनिता डिझेल भरून, दोन-तीन कामं करून दोन तासांनी आली. चारोळी अजून तशीच पिशवीत होती, तराजू रिकामा. धनकुंवरबाई कुठल्याशा तेलाची बाटली दाखवून ते गुडघ्याला कसं चोळायचं ते सांगत होती, आणि मोगराबाई मान हलवून, हे काही खरं नाही, जंगलात एक साल मिळते, पुढच्या बाजाराला तुला आणून देते, असं म्हणत होती. सुनिताने घड्याळ बघितलं. गाडीत माणसं बसायला लागली असतील. तिने त्या दोघींना हाक मारली नाही. पायरीवर सावली होती, तिथे ती टेकली, आणि मुलाने पुढे केलेला चहा तिने सावकाश प्यायला.